आंबील ओढा: कात्रजच्या धारेपासून मुठेपर्यंत

डोंगरधार

पुण्याच्या दक्षिणेला, कात्रजच्या जुन्या बोगद्यावर जी डोंगराची धार आहे, तिच्यावर पाऊस पडला की त्याचे दोन वाटे होतात. उत्तरेला उतरलेलं पाणी आंबील ओढ्याला येतं, तिथून मुठेत, संगमावर मुळेला भेटून मुळा-मुठा होतं आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं. दक्षिणेला उतरलेलं शिवगंगेत जातं. खेड शिवापूर, नसरापूर करत ते गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत आणि वीर धरणात. उत्तरेचं पाणी उजनीला अडतं, दक्षिणेचं वीरला, आणि त्यातून जे पुढे सुटतं ते नीरा नरसिंहपूरला एक होतं. धारेच्या दोन अंगांना हातभर अंतरावर पडलेले थेंब पुन्हा भेटतात ते थेट पंढरपूरच्या थोडं वर.

मी भूगोल शिकवते. अशा पाणी वाटणाऱ्या धारेला ‘जलविभाजक’ म्हणतात ही व्याख्या मुलांना पाठ असते, पण आपलं घर कुठल्या पाणलोटात आहे, म्हणजे आपल्या दारातलं पाणी शेवटी कुठल्या ओढ्याला जातं, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. मोठी माणसंही गप्प होतात. म्हणून हा धागा.

सिंहगडापासून पूर्वेला भुलेश्वरकडे जाणारी सह्याद्रीची जी रांग आहे, तिच्या उत्तर उतारावर आंबील ओढ्याचा उगम आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि ही धार त्याहून तीनेकशे मीटर उंच. ओढ्याची लांबी दहा-बारा किलोमीटर. बरीचशी उंची पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच संपते. तिथून कात्रजचे तलाव, मग भारती विद्यापीठाचा परिसर, बालाजीनगर-धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर. पर्वतीला वळसा घालून दांडेकर पूल, आणि वैकुंठ स्मशानभूमीच्या परिसरात मुठा.

पाणलोटाची हद्द दोन्ही अंगांना डोंगरच ठरवतात. पश्चिमेला तळजाई-पाचगाव पर्वतीचं पठार. त्याचा पूर्व उतार ओढ्याचा, पश्चिम उतार मात्र सिंहगड रस्त्याकडून सरळ मुठेचा. पूर्वेला बिबवेवाडीच्या वरची टेकडी. तिच्यापलीकडे, कोंढव्याकडून उतरणारं पाणी भैरोबा नाल्याचं, ते वानवडी-फातिमानगर करत मुळा-मुठेला जातं. दक्षिणेला उंच, दोन्ही बाजूंना बंद आणि फक्त उत्तरेला उघडी अशी ही लांबट खोरी आहे. वर पडलेल्या पावसाला बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

आपण ओढा बघतो तो पुलावरून: दोन भिंती आणि मधलं काळं पाणी. माझं म्हणणं एवढंच आहे की ओढा त्या भिंतींच्या मध्ये समजत नाही, तो धारेवरून बघावा लागतो. तुमच्याकडे आठवणी, जुने नकाशे, माहिती असेल तर इथे लिहा. मला या पाणलोटाचा एक नीट नकाशा करायचा आहे.

---

पेठेतला

उत्तम विषय काढलात. थोडं इतिहासाचं लिहितो, कारण या ओढ्याचा भूगोल माणसाने एकदा बदललेला आहे.

आज ओढा दांडेकर पुलाकडे पश्चिमेला वळतो तशी त्याची मूळ वाट नव्हती. पर्वतीच्या पायथ्याकडून तो सरळ उत्तरेला, आताच्या शुक्रवार-सदाशिव पेठांच्या भागातून येऊन कसब्याच्या पश्चिमेने मुठेला मिळायचा. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा, उत्तरेला नदी. तीन बाजूंनी पाणी असलेल्या त्या उंचवट्यावर जुनं कसबे पुणे वसलं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, ओढा पर्वतीजवळ अडवून पश्चिमेला वळवला गेला. सोडलेल्या जुन्या पात्राच्या भागात पुढे पेठा उभ्या राहिल्या. त्याच सुमारास पर्वतीच्या पायथ्याला तळं झालं. तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती बसवला. तोच आपला तळ्यातला गणपती, आणि बुजलेल्या तळ्याच्या जागी आजची सारसबाग. सारसबागेतल्या देवळाला अजून खाली पाणी आहे, ते उगाच नाही.

दुसरं मोठं काम कात्रजचं. तिथे वर-खाली असे दोन तलाव बांधले. वरच्यात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात यायचं आणि तिथून जमिनीखालच्या दगड-चुन्याच्या नळातून, निव्वळ उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जायचं. नळ एवढा मोठा की माणूस आत उतरून गाळ काढू शके. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, त्यातले काही अजून उभे आहेत. ना पंप, ना वीज. कात्रज शहरापेक्षा किती उंच आहे आणि मधली जमीन कशी उतरत येते हे ज्यांना नेमकं कळलं होतं, त्यांनीच हे केलं असणार. ही माणसं तुमचा नकाशा डोक्यात घेऊन हिंडत होती.

---

सहकारनगरची

डोंगरधारताई, “वर पडलेल्या पावसाला बाहेर पडायला दुसरी वाट नाही” हे वाक्य वाचून थांबले.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आम्ही इथे काढली आहे. संध्याकाळपासून पाऊस होता, पण आमच्याकडे पडला त्यावरून पुढचं काही कळण्यासारखं नव्हतं. पाणी आलं ते ओढ्यातून, आणि आलं ते पायरी-पायरीने चढत नाही, एकदम. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना उचलून जिन्यावर घेतलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर आपटत होत्या. विजा चमकल्या की तेवढं दिसायचं. सकाळी कळलं की अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक बळी गेले त्या रात्री.

मला आजही एक गोष्ट सलते. खडकवासल्यातून पाणी सोडणार असले की किती क्युसेक, किती वाजता, सगळं टीव्हीवर येतं. नदीकाठच्यांना निदान सामान हलवायला वेळ मिळतो. आम्हाला कोण सांगणार होतं?

---

निळीरेषा

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच भूगोलात आहे. मी स्थापत्य अभियंता आहे, पावसाळी गटारांचीच कामं करतो.

मोठ्या नदीला धरण असतं, धरणाला दरवाजे असतात, म्हणून सूचना देता येते. ओढ्याला दरवाजा नाही. कात्रजचे तलाव पाणी सोडत नाहीत, भरले की सांडव्यावरून आपोआप वाहतात. सप्टेंबरअखेर तलाव बहुधा भरलेलेच असतात, जमीनही भिजून तुडुंब असते. त्यावर परतीच्या पावसाचा एक जोरदार ढग डोंगरावर अडला की पडेल ते सगळं वाहणार.

हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर, आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. आता वेग बघा. तासाला ५० मिलिमीटरने पाऊस पडत असेल आणि सगळं पाणी वाहून येत असेल तर एका चौरस किलोमीटरवरून सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर येतात, साधारण ४९० क्युसेक. त्याच जमिनीवर झाडी-गवत असेल आणि निम्मं पाणी मुरत असेल तर ७ घनमीटर. पाऊस तोच, आकडा निम्मा. डोंगरउतारावर सिमेंट ओतलं की आपण हा आकडा १४ च्या दिशेने ढकलतो आणि खाली पात्र मात्र तेवढंच ठेवतो, किंवा आवळतो.

वेळेचंही सांगतो. पूर आलेल्या ओढ्यात पाणी सेकंदाला अडीच मीटरने धावतं असं धरा. दहा किलोमीटरला तास-सव्वा तास लागतो. सहकारनगर तर अर्ध्या वाटेवर, म्हणजे तुमच्या हातात अर्धा-पाऊण तास. तुमच्या गच्चीवरचा पाऊस बघून काही कळणार नाही, कळायचं तर धारेवरच्या पावसावरून. म्हणून माझा आग्रह वर पर्जन्यमापकं आणि तलावांवर पातळी मोजणारी यंत्रं बसवण्याचा आहे. आकडा एका मर्यादेपलीकडे गेला की खाली भोंगा वाजला पाहिजे. हे काही कोट्यवधींचं काम नाही.

---

बाणेश्वरकर

धारेच्या पलीकडून लिहितो आहे. आमचं गाव शिवगंगेच्या काठाला.

तुम्ही लोक २५ सप्टेंबरची रात्र पुण्याची म्हणून सांगता, पण तो ढग धारेच्या दोन्ही अंगांवर पडला. त्याच रात्री खेड शिवापूरला दर्ग्यात झोपलेली माणसं वाहून गेली. एकाच डोंगराने एकाच वेळी दोन खोऱ्यांत पाणी ओतलं.

आणि त्याच्याही आधी, २०१३ च्या जूनमध्ये, नव्या बोगद्याच्या आमच्या बाजूला, शिंदेवाडीजवळ, महामार्गावर आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. डोंगर फोडून, ओघळी बुजवून जागा सपाट केल्या होत्या, पाणी वाट सोडून रस्त्यावर आलं. तेव्हा डोंगरफोडीवर खूप बोललं गेलं. आज त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना नजर टाका आणि काय बदललं ते तुम्हीच सांगा.

आमच्याकडची म्हातारी माणसं शेताला वाट ठेवताना ओघळ कधी बुजवत नसत. वर्षातले दहा महिने कोरडी असली तरी तिची जागा तिची.

---

डोंगरधार

@बाणेश्वरकर, ओघळींबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, मला नेमकं तिथेच यायचं होतं.

आंबील ओढा म्हणून आपण जी एक रेघ ओळखतो, ती या पाणलोटातली सर्वांत लहान गोष्ट आहे. खरं जाळं म्हणजे दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून तिला येऊन मिळणाऱ्या ओघळी. तळजाईवरून पद्मावती-सहकारनगरकडे उतरणाऱ्या, बिबवेवाडीच्या टेकडीवरून बालाजीनगरकडे येणाऱ्या, आंबेगावच्या डोंगरातून येणाऱ्या. जुन्या नकाशात त्या बारीक निळ्या रेघा आहेत. आज त्यांपैकी पुष्कळांवर रस्ते आहेत, इमारती आहेत, कुठे दोन फुटी पाइप घालून वर काँक्रीट केलं आहे. मुख्य ओढा बुजवला तर बोभाटा होतो. ओघळ बुजवली तर ‘प्लॉट सपाट केला’ एवढंच होतं.

दगडाचं सांगायचं राहिलं. आपला सगळा डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. दोन थरांच्या मध्ये कुठे सच्छिद्र, कुठे लाल मातीसारखा पट्टा असतो. माथ्यावर मुरलेलं पाणी भेगांतून खाली येतं, घट्ट थराला अडतं आणि उताराला जिथे थर उघडा पडतो तिथे झऱ्यासारखं पाझरतं. पावसाळा संपल्यावरही ओढ्याला दोन-तीन महिने पाणी राहायचं ते या पाझरामुळे. आज ओढा बारा महिने वाहतो, पण ते पाणी सांडपाणी आहे. माथ्यावर मुरणं कमी झालं की दोन नुकसानं एकदम होतात. पावसात लोंढा मोठा येतो आणि हिवाळ्यात झरा आटतो.

---

रुंदपात्र

सगळं पटतंय, पण शेवटी उपाय काय? मला वाटतं ओढा सरळ करायचा, खोल करायचा, दोन्ही बाजूंना भक्कम भिंती बांधायच्या. पाणी झटकन नदीला गेलं की प्रश्न मिटला. डोंगरावर काय झालं ते आता परत थोडंच फिरणार आहे?

---

निळीरेषा

@रुंदपात्र, वळणाच्या जागी पात्र मोकळं करणं, पुलाखालचा राडारोडा काढणं, हे झालंच पाहिजे. पण सरळ करण्याबद्दल सावध राहा. वळणं काढली की पाण्याचा वेग वाढतो. कात्रजचं पाणी सहकारनगरला लवकर पोचतं आणि सहकारनगरचं दांडेकर पुलाला. वरच्याचा पूर कमी करून खालच्याच्या दारात तो मोठा करून ठेवायचा, असं होतं ते. शिवाय मुठेलाही त्याच वेळी पाणी असेल तर ओढ्याचं पाणी आत घेतलं जात नाही, तुंबून मागे येतं. तेव्हा तुमच्या भक्कम भिंती पाणी अडवतात खरं, पण वस्तीतलं पाणी ओढ्यात जाऊ देत नाहीत.

आणखी एक, जे कोणी लक्षात घेत नाही. खडकवासल्याचा उजवा कालवा एका पातळीवरून आडवा शहरातून हडपसरकडे जातो. दक्षिणेच्या डोंगरातून उत्तरेच्या नदीला जाणाऱ्या प्रत्येक ओढ्याला तो कुठे ना कुठे छेदतो. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ तो फुटला तेव्हा पावसाचा थेंब नसताना दांडेकर पुलाच्या वस्तीत घरं वाहून गेली. सर्वांत खोलगट जागा तीच, म्हणून पाणी तिथेच आलं.

---

पूलाखालून

मी त्या दांडेकर पुलाच्या वस्तीतच वाढले. दोन्ही वर्षं आम्ही पाहिली. २०१८ ला कालवा, २०१९ ला ओढा.

२०२१ च्या जूनमध्ये ओढ्याचं पात्र मोकळं करायचं म्हणून भर पावसाळ्यात आमच्याकडची घरं पाडायला सुरुवात झाली, मग कोर्टाने थांबवलं. मला त्या वादात इथे शिरायचं नाही. पण ताईंनी ओघळींचं जे लिहिलं ते वाचून बोलावंसं वाटलं. आमचं घर ओढ्याला लागून होतं हे सगळ्यांना दिसतं. वर डोंगर कापून जी संकुलं झाली, ज्यांच्या फरसबंद अंगणातून पाणी धावत खाली येतं, ती ओढ्यापासून लांब असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. त्यांचे कागद बरोबर असतात. पण पुराचं पाणी तिथूनही येतं ना? पाणलोटाचा नकाशा कराल तेव्हा त्यात आम्ही आणि ते एकाच हद्दीत दिसू, हे मला आवडलं.

---

सहकारनगरची

@पूलाखालून, तुमचं लिहिणं शंभर टक्के पटलं. आमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा मुद्दा मांडते. आमचंही सगळं अंगण फरशीचंच आहे.

---

मोजणीदार

निवृत्त भूमापक आहे. नकाशा करायचा म्हणताय तर थोडी मदत.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या, क्रमांक ४७ एफ/१५. साडेअठरा अक्षांशाची रेघ पर्वतीजवळून जाते. तिच्या उत्तरेचा तुकडा ४७ एफ/१४ मध्ये येतो, पण ओढ्याचा जवळजवळ सगळा पाणलोट एफ/१५ मध्येच सापडेल. जुनी आवृत्ती मिळाली तर उत्तम, कारण तिच्यात ओघळी शाबूत आहेत.

पाणलोट काढायची रीत अशी. ओढा नदीला मिळतो तिथे पेन्सिल टेका. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघत जा. जिथे त्यांचं टोक चढाकडे वळलेलं आहे तिथे ओघळ, जिथे टोक उताराकडे वळलेलं आहे तिथे सोंड, म्हणजे डोंगराचा पुढे आलेला उंच फाटा. सोंडेसोंडेने, एकही निळी रेघ न ओलांडता, समोच्च रेषांना काटकोनात छेदत वर चढा, धारेवरून फिरा आणि दुसऱ्या बाजूने खाली येऊन सुरुवातीच्या टिंबाला मिळा. निळी रेघ ओलांडावी लागली तर समजा वाट चुकली.

सपाट शहरी भागात समोच्च रेषा एकमेकींपासून लांब पडतात आणि २० मीटरच्या टप्प्यात बारीक उतार हरवतो. तिथे नकाशा पुरत नाही. भर पावसात छत्री घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभं राहायचं आणि रस्त्यावरचं पाणी कुणीकडे जातं ते टिपायचं. आम्ही मोजणीत तेच करायचो. इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर उंचीची माहिती बघता येते, तीही जोडीला घ्या, पण पावसातली खूण शेवटची माना. रस्त्यांनी बऱ्याच ठिकाणी नैसर्गिक हद्द सरकवलेली आहे.

---

पेठेतला

मोजणीदारकाका, फार उपयोगी. एक भर घालतो: नकाशावर ओढ्याची जुनी, वळवण्याआधीची वाटही तुटक रेघेने दाखवावी. पाणी जुनी वाट विसरत नाही असं म्हणतात, पण म्हणण्यापेक्षा जोरदार पावसात पेठांतल्या कुठल्या चौकात पाणी साचतं ते त्या तुटक रेघेवर ठेवून बघावं.

---

डोंगरधार

काका, मनापासून आभार. तुमची रीत नववीच्या वर्गाला शिकवणार आहे. प्रत्येकाने आपल्या घरासमोरचा एक कोपरा पावसात टिपून आणायचा, मग सगळे कोपरे एका कागदावर.

वरचा डोंगर आता परत फिरणार नाही असं @रुंदपात्र म्हणाले, त्याबद्दल. सगळा गेलेला नाही. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. साडेनऊशे हेक्टरांहून जास्त जमीन त्यात आहे आणि आपल्या पाणलोटाचे वरचे उतारही त्यात येतात. धारेलगत वनखात्याची जमीन आहे, तळजाईवर आहे. जिथे माती आणि गवत अजून जागेवर आहे तो प्रत्येक उतार @निळीरेषा यांचा तो आकडा ७ कडे ओढतो. आधी तो राखायचा, मग बुजलेल्या ओघळींपैकी कुठल्या मोकळ्या करता येतील ते बघायचं. सार्वजनिक बागा, मैदानं, शाळांची आवारं यांच्यातून ज्या जातात त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

पहिला कच्चा नकाशा या धाग्यातच टाकते. त्यावर दुरुस्त्या सुचवा.

---

नवाकोंढवेकर

उशिरा आलो. आम्ही कात्रज-कोंढवा रस्त्यावर राहायला आलोय. आमची सोसायटी आंबील ओढ्यात धरायची का? समोरचं पाणी दोन्हीकडे जाताना दिसतं.

---

मोजणीदार

तो रस्ता कात्रजकडून चढून सोंड ओलांडतो आणि कोंढव्याकडे उतरतो. चढाच्या माथ्याअलीकडे, कात्रजच्या अंगाला असाल तर आंबील ओढा. पलीकडे असाल तर भैरोबा नाला. दोन्हीकडे पाणी जाताना दिसतंय म्हणजे तुम्ही माथ्याजवळच आहात. येत्या पावसात गेटच्या कुठल्या अंगाने पाणी फुटतं ती जागा खडूने आखून ठेवा आणि इथे कळवा, नकाशात ती खूण लागणार आहे.